दोन ते आठ अंश

२२ फेब्रुवारी १९९९, शिरूर

यंत्र आज आलं. धमनीतलं थोडंसं रक्त दिलं की ते किती आंबट झालं आहे हे यंत्र तिथल्या तिथे सांगतं. आतापर्यंत रक्त बर्फात घालून पुण्याला पाठवावं लागायचं. आकडा परत येईपर्यंत बहुतेक वेळा रुग्णाचा निकाल लागलेला असायचा.

यंत्राला स्वतंत्र खोली, एसी, स्टॅबिलायझर. वॉर्डात पंखे तीन, चालतात दोन. वॉर्डबॉय हौशीराम पन्नाशीचा आहे आणि त्याचं तोंड कधी बंद नसतं. तो म्हणाला, "जावई आले म्हणायचे. जावयाला एसी, घरच्यांना घाम." डॉ. खळदकर मोठ्याने हसले. मी विजेचा विचार करत होते.

प्रकल्पाचा विषय आहे ग्रामीण भागातल्या मधुमेही रुग्णांमधला ॲसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साठणं. तो का होतो, आणि एकदा बरा झाल्यावर पुन्हा का होतो. डॉक्टर प्रमुख, मी संशोधन सहाय्यक. काम नीट झालं तर याच माहितीवर माझी पीएच.डी.ची नोंदणी होईल, असा डॉक्टरांनी शब्द दिला आहे. शब्द तोंडी आहे.

३ मार्च

पहिली मोठी केस. प्राची, वय अकरा, राहणार कारेगाव. वडील सतीश, रांजणगावला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. आई अंजना, आजी अनसाबाई. मुलगी अर्धवट शुद्धीत. श्वास खोल आणि घाईचा, धावून आल्यासारखा, आणि तो थांबत नव्हता.

आजी सगळ्या वॉर्डाला सांगत होती, "दमा हाय, दमा. हिच्या आईच्या म्हायेरात समद्यांना दमा."

आईने मुलीचं डोकं धरून ठेवलं होतं.

मुलीच्या तोंडाला फार पिकलेल्या पेरूचा वास होता. पुस्तकात त्याचं वर्णन दहा वेळा वाचलं होतं, आज पहिल्यांदा घेतला. दमा नव्हता. शरीरात इन्सुलिन नसलं की पेशींना साखर वापरता येत नाही, मग शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून आम्ल तयार होतं. ते आम्ल बाहेर टाकण्यासाठी फुप्फुसं धडपडतात. तो श्वास म्हणजे शरीराने स्वतःच सुरू केलेली दुरुस्ती असते.

पीएच ७.०८. तो ७.३५च्या वर हवा. डॉक्टरांना मी आज प्रथमच पळताना पाहिलं.

५ मार्च

पीएच ७.३६. प्राची उठून बसली, पेज प्यायली. मला म्हणाली, "ताई, ते टीव्हीवानी मशीन तुमचं हाय?"

"दवाखान्याचं आहे."

"मग तुम्हाला हात कसा लावू देत्यात?"

मी शिकले आहे, असं सांगितलं. तिने मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही.

९ मार्च

अंजनाला इंजेक्शन शिकवलं. आधी लिंबावर, मग स्वतःच्या मांडीवर मिठाचं पाणी, मग मुलीला. सतीशने तोंड भिंतीकडे केलं. अंजनाचा हात स्थिर आहे. सिरिंजमधला बुडबुडा टिचकी मारून काढायचा हे तिला एकदाच सांगावं लागलं. नववी पास आहे म्हणाली.

इन्सुलिन प्रकल्पातून फुकट. त्या बदल्यात दर महिन्याला तपासणीला यायचं.

१८ मार्च

रुग्णांच्या घरी द्यायचं सल्लापत्रक तयार केलं. इन्सुलिनच्या खोक्यातला इंग्रजी कागद समोर ठेवून मराठीत लिहिलं. सात ओळी होत होत्या, डॉक्टर म्हणाले पाचच ठेवा, लोक वाचत नाहीत. दोन काढल्या. एक ॲलर्जीची, एक औषध गोठू देऊ नये ही. शिरूर तालुक्यात एप्रिल-मेमध्ये पिण्याचं पाणी गार होत नाही, औषध काय गोठणार.

तिसरी ओळ ठळक केली: "औषध फ्रीजमध्येच ठेवावे. तापमान दोन ते आठ अंश."

पत्रकाखाली माझं नाव छापलं आहे. मीच मागितलं होतं.

११ एप्रिल, कारेगाव

घरभेट. प्राचीचं वजन वाढलं आहे. शर्करा ठीक. शाळेत कबड्डी खेळते.

औषध कुठे ठेवता, विचारलं. अंजनाने मला मोरीशेजारच्या कोपऱ्यात नेलं. एका मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात दुसरं लहान मडकं, त्यात फडक्यात गुंडाळलेली बाटली. "सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिपडते," म्हणाली. जवळ थर्मामीटर होता, लावून पाहिला. बाहेर ३९, आत २५.

मी म्हणाले, "हे चालणार नाही. दोन ते आठ हवं."

"आतापतूर तर गुण हाय की, ताई."

"आहे. उन्हाळा वाढल्यावर राहणार नाही."

"फ्रीज कुठला आमच्यात?"

"गावात कुणाकडे तरी असेल."

गावात आनंदरावांकडे आहे. बागायत मोठी, दूध संस्थेचे चेअरमन, कारखान्यातल्या कामगारांना भाड्याच्या खोल्या. अंजना म्हणाली, मी विचारलं तर न्हाई म्हणतील. म्हणून मी गेले. त्यांनी ओसरीवर खुर्ची दिली, प्रकल्पाबद्दल नीट विचारलं, हुशार माणूस आहे. मग म्हणाले, "आडनाव काय म्हणालात मॅडम?"

"साळवे."

"दौंडचे?"

"हो. वडील रेल्वेत होते."

"असं असं," म्हणाले. चहा आला. त्यांचा कपबशीत, माझा स्टीलच्या पेल्यात. पेल्यात चहा लवकर निवतो, मला परतीची गाडी गाठायची होती, सोयीचंच झालं.

त्यांच्या पत्नी सुलक्षणाबाई आतून म्हणाल्या, "ठेवू द्या की. लेकराचं औषध हाय, न्हाई कशाला म्हणायचं? ठेवते मी नीट, वेगळं."

सकाळ-संध्याकाळ अंजनाने मागच्या दाराशी यायचं, त्या बाटली काढून देतील, इंजेक्शन झालं की परत आणून द्यायची. काम झालं. समाधान वाटलं. गावात अडचण असते ती विचारायच्या संकोचाची.

२५ एप्रिल, दौंड

घरी. आप्पांनी कॉलनीत सगळ्यांना सांगून टाकलं आहे की मुलगी दोन वर्षांत डॉक्टर होणार. पीएच.डी.ची नोंदणीसुद्धा अजून झालेली नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. "होईल गं, तू काय सोडणारी आहेस का," म्हणाले.

आनंदरावांच्या चहाची गोष्ट सांगितली, तर आप्पा हसले. "पेला तर दिला! आमच्या वेळी ओंजळ." मग थोड्या वेळाने विचारलं, "आणि त्या पोरीचं औषध ठेवून घेतलं त्यांनी? फ्रीजात?"

"हो."

"कुठं ठेवलं, पाहिलंस?"

मी म्हटलं, फ्रीजमध्ये ठेवलं म्हणजे फ्रीजमध्ये. आप्पांना निवृत्तीनंतर प्रत्येक गोष्टीत शंका काढायची सवय लागली आहे.

२० मे

तपासणीचा दिवस. बाहेर रांग, आत उकाडा, वीज दोनदा गेली, यंत्र दोनदा पुन्हा सुरू करावं लागलं. प्राचीची शर्करा ३१०. मागच्या महिन्यात १५० होती. वजन कमी.

अंजना काळजीत. "ताई, सगळं टायमावर देते. पर औषध कसंतरीच दिसतंय. दूध नासल्यावर कसं बारीक कण धरतंय, तसं."

हे इन्सुलिन मुळातच दुधाळ असतं, ठेवलं की खाली साका बसतो. हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी म्हणाले, "बाटली तळव्यांत धरून हळू घोळवायची. हलवून घेतलं की एकजीव होतं."

"घोळवते की. लय गार असती बाटली, आधी मुठीत धरूनच बसावं लागतं. आन् घोळवलं तरी कण जात न्हाईत."

"नीट घोळवा."

डोस दोन युनिटने वाढवला. मागे अजून चौदा रुग्ण होते.

२ जून

प्राची पुन्हा दाखल. पीएच ७.१४. तोच वास, तोच श्वास. ताप नाही, खोकला नाही, जखम नाही, म्हणजे जंतुसंसर्ग नाही. मग राहतं एकच कारण. डॉक्टर म्हणाले, "डोस चुकवलेत. सरळ आहे. आपल्याकडे पुन्हा होणाऱ्या केसेसमध्ये हेच निघणार, मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

अंजनाला विचारलं. एकही चुकवला नाही म्हणाली. परत विचारलं, तेच उत्तर. तिच्याकडची बाटली मागवून घेतली. पातळी पट्टीने मोजली. जितकं औषध संपायला हवं तितकंच संपलं आहे. म्हणजे डोस रोज बाटलीतून निघतो, पण मुलीच्या अंगात जात नाही. ओतून दिला जात असावा. आकड्यांतून दुसरा अर्थ निघत नाही. ती बाटली लेबल लावून प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये ठेवली.

दुपारी वॉर्डात सतीश आणि अनसाबाई दोघं होते. मी स्पष्ट सांगितलं, "औषध तिच्या अंगात गेलेलं नाही. गेलं असतं तर हे झालं नसतं."

अनसाबाई अंजनाकडे वळल्या. "मग काय पाणी टोचत व्हतीस का गं?"

सतीश माझ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, तसं असंल का?"

मी म्हणाले, "तसंही असू शकतं."

विधान म्हणून ते चुकीचं नव्हतं. शक्यता विचारली, शक्यता सांगितली. अंजना खाटेची कड धरून उभी होती. प्राची जागी होती की नाही ते आठवत नाही.

५ जून

प्राची घरी गेली. नवी बाटली दिली. साठवण तीच, कारण त्यात काही बदलायचं कारण नव्हतं.

१३ जून

हौशीरामकडून कळलं. त्याची बहीण कारेगावात दिली आहे. "म्याडम, त्या साखरवाल्या पोरीच्या आईला लावून दिली की कासुर्डीला, भावाकडं. सासू म्हणली, पोरीच्या जिवावर उठलेली बाई घरात नको. आता बाप टोचतोय. शिफ्ट सांभाळून."

मी म्हणाले, "घरगुती प्रश्न आहे."

"व्हय, घरगुतीच," तो म्हणाला आणि फरशी पुसत राहिला.

निदान इंजेक्शन तरी आता नियमित होईल.

१६ जुलै

प्राची वडिलांबरोबर तपासणीला. शर्करा २९०. सतीश म्हणाला, एकही डोस चुकलेला नाही, दुपारपाळी आली की सुटी घेऊन घरी येतो. त्याच्यावर माझा विश्वास बसला. का बसला ते लिहून ठेवायला हवं: तो माझ्याकडे बघून बोलला. अंजनाही बघूनच बोलली होती.

डोस आणखी वाढवला.

२१ ऑगस्ट

प्राची तिसऱ्यांदा. पीएच ७.११. पोटात दुखतंय म्हणत होती, मग बोलायचं थांबली. डॉक्टरांनी तिला वाचवली. हे त्यांचं काम ते उत्तम करतात, इथे नोंद करते.

आई अडीच महिने कासुर्डीत आहे. मग आता पाणी कोण टोचतं?

हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, "बापही तसाच असेल." आणि निघून गेले.

मी प्रयोगशाळेच्या फ्रीजमधली जूनची बाटली काढली. घोळवली. उजेडासमोर धरली. तळाशी, कडांना, पांढरे कण. रव्यासारखे. घोळवून जात नाहीत.

२४ ऑगस्ट, कारेगाव

कुणाला न सांगता गेले. थेट आनंदरावांच्या घरी, मागच्या दाराने, कारण अंजना तिथूनच यायची. प्राची दवाखान्यात असल्यामुळे बाटली तिथेच होती. सुलक्षणाबाईंना म्हटलं, बाटली पाहायची आहे.

त्यांनी फ्रीज उघडला. मधल्या फळीवर दही, पाण्याच्या बाटल्या, कोथिंबीर, एका वाटीत देवाचं लोणी. दारात रिकाम्या चार जागा. त्यांनी हात वर केला, बर्फाचा लहान कप्पा उघडला. बाटली भिंतीच्या बर्फाला चिकटली होती. चमच्याच्या दांड्याने टोकरून काढली आणि मला दिली. दगडासारखी होती.

"इथे ठेवत होता?"

"पहिल्यापासनं. तुम्हीच म्हणला ना, गार पायजे?"

"खाली का नाही ठेवलं?"

त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "खाली आमचं खायचं-प्यायचं असतं मॅडम. देवाचं असतं. म्हटलं, ते वर वेगळं असू द्या. न्हाई कुठं म्हटलं आम्ही?"

नाही म्हटलं नव्हतं, हे खरं आहे.

थर्मामीटर लावला. उणे सहा. मधली फळी, पाच अंश. पुस्तकाप्रमाणे.

इन्सुलिन प्रथिन आहे. गोठलं की त्याची घडण मोडते, वितळल्यावर ते परत जुळत नाही. रंग तोच, पातळी तीच, वास तोच, पण काम करत नाही. अंजना रोज दोनदा त्या दाराशी उभी राहायची, दगड झालेली बाटली मुठीत धरून पातळ करायची, टिचकी मारून बुडबुडा काढायची आणि वेळेवर मेलेलं औषध टोचायची.

इंग्रजी कागदातली, मी पत्रकातून काढलेली ती ओळ पुन्हा वाचली. चार शब्दांची आहे.

२७ ऑगस्ट

डॉक्टरांना सगळं सांगितलं, दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी उजेडासमोर धरून पाहिल्या. वेळ घेऊन पाहिल्या. ते अप्रामाणिक नाहीत.

"बरोबर आहे तुमचं," म्हणाले. "छान पकडलंत. निबंधात घालू."

"काय म्हणून?"

"'कुटुंबाकडून औषधाच्या साठवणुकीत हलगर्जीपणा.'"

"साठवण आपण सांगितली, सर."

"आपण फ्रीज सांगितला. बर्फाचा कप्पा सांगितला का?"

"नाही."

"मग हलगर्जीपणा कुणाचा?"

मी म्हणाले, मडक्यात होतं तेव्हा तिची शर्करा ठीक होती. त्यांनी चष्मा काढला. "साळवे, पुण्याच्या परिषदेत मी मडकं मांडू? एका केसवर? एक किस्सा म्हणजे पुरावा नव्हे, हे तुम्हीच मला एरवी सांगता." मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आणि सल्लापत्रकाखाली नाव कुणाचं आहे, ते एकदा बघा. मी तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. नोंदणीचे कागद या महिन्यात पुढे जायचे आहेत."

नवं पत्रक काढायला मात्र त्यांनी लगेच हो म्हटलं. सहा ओळींचं. गाजावाजा न करता जुनं बदलून टाका, म्हणाले. 

३ सप्टेंबर

नवं पत्रक आठवड्याभरात सगळ्या घरी पोहोचवलं. आणखी दोन घरी बाटली बर्फाच्या कप्प्यात सापडली. एकीने सांगितलं, किराणा दुकानदाराने कुल्फीच्या पेटीत जागा दिली होती, उपकार आहेत त्याचे.

प्राची घरी गेली. सतीशला मी सांगितलं, बाटली परत मडक्यात ठेवा. का, ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वॉर्डात गर्दी होती.

तीन जूनला वॉर्डात गर्दी नव्हती का? तारीख चुकली. दोन जून. होती.

१९ सप्टेंबर, पुणे

परिषद. निबंध मी वाचला, डॉक्टरांनीच तो मान दिला. यंत्राचे आकडे सर्वांना आवडले. कारणांच्या तक्त्यावर पुढच्या रांगेतले एक ज्येष्ठ डॉक्टर उठले. "उत्तम काम. पण या कुटुंबांत हा हलगर्जीपणा का असतो, यावर काही निरीक्षण?"

मी म्हणाले, "शिक्षणाचा अभाव."

माना डोलल्या. शेवटी टाळ्या. अंजना नववी पास आहे. त्यांनी ते विचारलं नव्हतं.

जेवणात बासुंदी होती. डॉक्टर सगळ्यांना माझी ओळख करून देत होते, "आमची साळवे, अतिशय काटेकोर मुलगी."

३ ऑक्टोबर

नोंदणी झाली. आप्पांना फोन केला. त्यांनी कॉलनीत पेढे वाटले असणार. हौशीरामला कासुर्डीची वाट विचारून घेतली.

१२ ऑक्टोबर, कासुर्डी

चौफुल्यावरून यवतची गाडी, तिथून जीप. दसरा जवळ आल्यामुळे सगळीकडे झेंडूची तोडणी. अंजना भावाबरोबर एकाच्या शेतात रोजाने फुलं तोडत होती. मला पाहिलं आणि तिच्या ओट्यातली फुलं सांडली.

"प्राचीचं काय झालं?"

"बरी आहे. शाळेत जाते."

ती खाली बसली. फुलं गोळा करायला लागली. मी उभ्यानेच सांगितलं, सगळं, क्रमाने. गोठणं म्हणजे काय तेही. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हंजी मी टोचत व्हते ते खरं औषध व्हतं."

"खरं होतं. निकामी झालेलं होतं."

"म्या म्हनलं व्हतं तुम्हाला. नासल्यागत दिसतंय म्हून."

"हो."

"तुम्ही म्हनला, घोळवा."

"हो."

"कवा कळलं तुम्हाला हे?"

"ऑगस्टमध्ये."

तिने वर पाहिलं. "पोरीचा वाढदिस झाला की वो मधी." मग तिचा भाऊ हाक मारायला लागला तेव्हा ओरडली, "थांब रं, दवाखान्याच्या बाई आल्यात! माझा रिझल्ट लागलाय!" आणि हसली. तसं हसणं मी पूर्वी ऐकलेलं नाही, परत ऐकायची इच्छा नाही.

मग उठली, लुगड्याला हात पुसले. "चला. कवा जायचं सांगा. तवा जसं समद्यांम्होरं बोलला, तसंच आता बोला. माझ्या एकटीच्या कानात नको."

मी म्हणाले, रविवारी.

१७ ऑक्टोबर, कारेगाव

अंजना यवतहून आली, मी शिरूरहून. फाट्यावर भेटलो आणि चालत गेलो. सतीश दुपारपाळीला होता, आज त्याला सुटी मिळाली नव्हती. अनसाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"काय वो बाई, हिला कुठं घिऊन आला?"

मी म्हणाले, "औषध फ्रीजच्या बर्फात गोठून निकामी झालं होतं. यांनी एकही डोस चुकवला नव्हता. पाणी टोचलं नव्हतं."

"मग तवा तसं का म्हनला?"

"तेव्हा चुकलं."

"कुणाचं?"

शेजारच्या दोन बायका कुंपणाशी येऊन उभ्या होत्या. ते बरं झालं.

"माझं," मी म्हणाले. "फ्रीज मीच सांगितला होता."

अनसाबाईंनी सूप खाली ठेवलं. "शिकल्याली माणसं बी चुकत्यात व्हय?" शेजारणी हसल्या. "आन् पोरगी गेली आसती मजी? मग कुणाला म्हनला आसता, चुकलं?" त्या थांबल्या नाहीत. अंजनाला म्हणाल्या, "ये आत. पावनीवानी दारात काय हुबी ऱ्हायलीस. भाकऱ्या टाकायच्यात."

एवढंच. सूप पुन्हा हातात घेतलं. मला वाटलं होतं, अवघड जाईल.

संध्याकाळी प्राची खेळून आली. उंबऱ्यातच थांबली. अंजना चुलीपासून उठली, पण पुढे गेली नाही. मग अनसाबाई म्हणाल्या, "आई हाय तुझी, वळखत न्हाईस का?" प्राची आत आली, आईने जवळ घेतलं, पोरीने घेऊ दिलं. डोक्यावरून हात फिरवून अंजना म्हणाली, "इंजेक्शनचा टाईम झालाय, चल."

तिने मडक्यातून बाटली काढली, घोळवली, उजेडासमोर धरून नीट पाहिली. एकही कण नव्हता. औषध भरलं, टिचकी मारली.

प्राचीने दंड मागे घेतला.

"पप्पा आल्यावर."

"पप्पा रातच्याला येनार, बाळा. जेवायचं हाय न्हवं तुला?"

"मग थांबते मी."

"आगं, मी देते की. पयलं मीच देत व्हते."

प्राची जमिनीकडे बघत म्हणाली, "आजी म्हनती, तू पाणी टोचायची."

अनसाबाई म्हणाल्या, "न्हाई गं, ते तसं नव्हतं, ह्या बाई आता सांगत्यात न्हवं का." पण मुलीने डोकं हलवलं. मी तिला समजावलं, गोठणं म्हणजे काय, सोप्या शब्दांत. तिने सगळं ऐकून घेतलं. मग बाही वर सारली आणि दंड माझ्यासमोर धरला.

"ताई, तुम्ही टोचा."

मी अंजनाकडे पाहिलं. तिने सिरिंज माझ्या हातात दिली. मात्रा अचूक होती, बुडबुडा नव्हता. जेवणाची वेळ टळत होती, उशीर करून चालणार नव्हतं. मी टोचलं.

"ताईचं दुखत न्हाई," प्राची म्हणाली आणि ताटावर जाऊन बसली.

अंजनाने बाटली फडक्यात गुंडाळून लहान मडक्यात ठेवली. तांब्यातलं पाणी ओंजळीने वाळूवर शिंपडलं, कडेकडेने, सगळीकडे सारखं. मग न वळता मला विचारलं, "हितं बराबर हाय ना, ताई?"

"बरोबर आहे," मी म्हणाले.